लढाऊ विमानांचे प्रकार आले कुठून?

१८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी गोवामुक्तीच्या मोहिमेत हवाई दल उतरले. कोल्हापूरच्या उत्तरेला पुण्याहून कॅनबेरा विमाने उडाली, दक्षिणेला बेळगावजवळच्या सांबऱ्याहून हंटर. दोन्ही जेट, दोन्ही ब्रिटिश बनावटीची, पण कामे वेगळी. कॅनबेरा हे बॉम्बफेकी विमान. त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. बाकीच्या इमारतींना धक्का लावायचा नाही, असा आदेश होता. बांबोळीचे बिनतारी केंद्र हंटरांनी रॉकेट आणि तोफांचा मारा करून उद्ध्वस्त केले. लष्करी विमान दिसले की आपण सरसकट ‘फायटर’ म्हणून मोकळे होतो. कामांची ही विभागणी मात्र पन्नास वर्षांच्या लढायांतून घडलेली होती.

सुरुवात टेहळणीपासून झाली. १९११ मध्ये लिबियात एका इटालियन वैमानिकाने हाताने बॉम्ब टाकले होते खरे, पण १९१४ च्या महायुद्धात विमानाचे मुख्य काम शत्रूचे खंदक वरून पाहणे आणि त्यांचे फोटो काढणे हेच होते. ही नजर बंद करायची तर ते विमान पाडायला हवे. त्या गरजेतून लढाऊ विमान जन्मले. १९१५ मध्ये जर्मनांच्या फॉकर विमानात फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून नेमकी गोळी सुटेल अशी मशिनगन बसली आणि आकाशातली झुंज सुरू झाली. त्याच युद्धात इंद्रलाल रॉय या तरुण भारतीय वैमानिकाच्या नावावर १० विजय लागले. जुलै १९१८ मध्ये तो मारला गेला, तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता. त्याचे नाव आपल्या शाळांत क्वचितच ऐकू येते, याचे वाईट वाटते.

दुसऱ्या महायुद्धात फाटे आणखी फुटले. १९४० मध्ये ब्रिटनवर चालून येणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना अडवायला प्रामुख्याने हरिकेन आणि त्यांच्या संरक्षक विमानांशी भिडायला स्पिटफायर, अशी वाटणी शक्य तिथे केली जाई. हरिकेन उडवणाऱ्यांत पोलिश वैमानिकांची ३०३ स्क्वाड्रन अग्रेसर होती. पुढे त्याच पोलंडचे हजारो निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले, म्हणून हा तपशील आपल्याला जवळचा. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी जर्मनीतल्या श्वाइनफुर्टवर गेलेल्या २९१ अमेरिकी बॉम्बफेकी विमानांपैकी ६० परतली नाहीत. सोबत शेवटपर्यंत लढाऊ विमाने हवीतच, हा धडा तिथे पक्का झाला. इंधनाच्या जादा टाक्या लावलेली मस्टँग विमाने मग १९४४ मध्ये थेट बर्लिनपर्यंत सोबत जाऊ लागली.

जेट युगात अणुबॉम्ब घेऊन येणाऱ्या विमानाची धास्ती होती. म्हणून झपाट्याने उंची गाठून त्याला वाटेतच अडवणारी विमाने आली. मिग-२१ त्यांपैकीच: ध्वनीच्या दुप्पट वेग, पण पल्ला तोकडा. भारतात ते १९६३ मध्ये आले आणि पुढे नाशिकजवळ ओझरला बनू लागले. गंमत अशी, की त्याची एक अत्यंत गाजलेली कामगिरी हवेतल्या झुंजीची नाहीच. १४ डिसेंबर १९७१ रोजी मिग-२१ विमानांनी ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटे डागली आणि गव्हर्नरने त्याच दिवशी राजीनामा दिला. मुळात अडवण्यासाठी बनवलेल्या विमानाने हल्ल्याचे काम चोख केले होते.

नंतर या भिंती पडतच गेल्या. रडार, लेसरने दिशा मिळणारे बॉम्ब आणि ताकदवान इंजिने एकाच विमानात मावू लागली. शिवाय प्रत्येक कामाला वेगळे विमान ठेवणे खर्चाने परवडेना. कारगिलमध्ये मिराज-२००० ने टायगर हिलवर लेसर-बॉम्ब टाकले, तेव्हा हवाई संरक्षणाला मिग-२९ होती. आज राफेल एकाच उड्डाणात ही दोन्ही कामे करू शकते. कॅनबेरा २००७ मध्ये निवृत्त झाल्यावर भारताने खास बॉम्बफेकी विमान घेतलेच नाही. सुमारे अडीच टनांचे ब्रह्मोस क्षेपणास्त्रही सुखोई-३० वरूनच डागतात. एकाच कामासाठी घडवलेले जुने विमान अजून पाहायचे असेल तर ते जग्वार. शत्रूच्या हद्दीत खोलवर, जमिनीलगत उडत जाऊन मारा करण्यासाठी ते १९७९ मध्ये आपल्याकडे आले. ब्रिटन आणि फ्रान्सने ते केव्हाच निवृत्त केले. हवाई दलात जग्वार वापरणारा भारत हा आता एकमेव देश आहे.