चेहरा आईचाच, पण ही आई नव्हे

मारिना द व्हाँ या फ्रेंच दिग्दर्शिकेचा ‘न त रतूर्न पा’ (2009) पाहून उठणारा प्रेक्षक बहुधा म्हणतो, ‘‘तिची स्मृती गेलेली असते ना!’’ गेलेली असते, पण तेवढ्याने काही बिघडलेलं नसतं. नायिका झानला वयाच्या आठव्या वर्षाआधीचं काही आठवत नाही. नवरा, मुलं, स्वतःचं लेखन हे सगळं मात्र नीट ध्यानात आहे. तिला हादरवतं ते वेगळंच. घरातल्या वस्तू बदलल्यासारख्या दिसू लागतात, नवरा परका वाटतो, आई आई वाटत नाही, आणि झान झालेल्या सोफी मार्सोचा चेहरा आरशात हळूहळू मोनिका बेलुची या दुसऱ्या नटीचा होऊ लागतो. हा आजार आठवणींचा कमी आणि ओळखीचा जास्त आहे. चित्रपटाच्या गोष्टीपेक्षा मला त्याचंच कुतूहल आहे, म्हणून रहस्य फोडणार नाही.

स्मृतीचा हिशेब आधी उरकून घेऊ. थेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने 1881 साली मांडलं की मेंदूला इजा झाली तर ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या मुरलेल्या उशिरा. म्हणून मोटारअपघातातून उठलेल्याला अपघाताआधीचे काही तास किंवा दिवस आठवत नाहीत, पण स्वतःचं नाव तो सहसा विसरत नाही. आपल्या चित्रपटांत मात्र डोक्यावर एक फटका बसला की नावगाव पुसतं आणि दुसरा बसला की सगळं परत येतं. दुसऱ्या फटक्याने फक्त इजा वाढते.

आता ओळखीकडे. 1923 साली पॅरिसमध्ये जोझेफ काप्ग्रा आणि झाँ रबूल-लाशो या डॉक्टरांनी मादाम एम. या 53 वर्षांच्या बाईची हकीकत प्रसिद्ध केली. नवऱ्याच्या जागी हुबेहूब दिसणारा दुसराच कुणी आणून ठेवला आहे, मुलीच्या जागी तर एकामागून एक अनेक तोतये आले, असं ती ठामपणे सांगे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, तेव्हा परका माणूस आपला म्हणून पुढे आला होता. इथे घरचा खरा माणूस तोतया ठरत होता. पुढे या भ्रमाला काप्ग्राचंच नाव पडलं.

बरीच वर्षं याचे अर्थ मनोविश्लेषणातून लावले गेले. आईविषयी दबलेला राग, अपराधीपणा, वगैरे. अशा स्पष्टीकरणांची अडचण ही की ती कुठल्याही रुग्णाला चिकटवता येतात. खरा धागा सापडला तो उलट्या बाजूने.

मेंदूच्या एका विशिष्ट भागाला इजा झाली की काही माणसांना चेहरे ओळखता येत नाहीत. डोळे चांगले असतात, नाक-डोळे-ओठ दिसतात, पण समोर बायको उभी आहे हे ती बोलल्याशिवाय कळत नाही. 1984-85 च्या सुमारास अशा रुग्णांच्या बोटांना इलेक्ट्रोड लावून त्यांना फोटो दाखवले गेले. मनात भावना उमटली की तळहाताला किंचित घाम येतो आणि त्वचेतून वीज थोडी सहज वाहते. ते मोजता येतं. रुग्ण म्हणत होते, ‘हा कोण ते माहीत नाही’, पण ओळखीच्या चेहऱ्याला त्यांची त्वचा प्रतिसाद देत होती! म्हणजे चेहऱ्याची खबर मेंदूत दोन वाटांनी जाते. एक वाट ‘हा अमुक’ असं सांगते. दुसरी भावनांच्या केंद्रांकडे जाते आणि आपलेपणाची ऊब जागी करते. या रुग्णांची पहिली वाट तुटली होती, दुसरी शाबूत होती.

मग 1990 मध्ये हेडन एलिस आणि अँडी यंग या मानसशास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा केला. पहिली वाट शाबूत राहून दुसरी तुटली तर? चेहरा आईचाच आहे हे कळेल, पण आत काहीच हलणार नाही. लग्नाच्या यादीत नाव आहे पण पंगतीत कुणी ‘या, बसा’ म्हणत नाही, तसं काहीसं. त्यांचं भाकीत होतं की काप्ग्रा भ्रम असलेल्यांची त्वचा ओळखीच्या चेहऱ्याला गप्प राहील. 1997 मध्ये मोजमापं झाली आणि तसंच निघालं. त्याच वर्षी मूळचे तमिळनाडूचे मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन आणि विल्यम हर्स्टीन यांनी अपघातानंतर हा भ्रम जडलेल्या एका तरुणाची तपासणी प्रसिद्ध केली. आईवडील समोर आले की तो त्यांना तोतये म्हणे. तेच फोनवर बोलले की लगेच ओळखे! आवाजाची वाट वेगळी आहे आणि ती धड होती.

इथवर सगळं सुबक बसतं, पण गोष्ट इथे संपत नाही. मेंदूच्या पुढच्या-खालच्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांची त्वचाही ओळखीच्या चेहऱ्यांना गप्पच राहते. तरी ते कुणालाही तोतया म्हणत नाहीत. म्हणून मॅक्स कोल्थार्ट यांच्यासारखे संशोधक सांगतात की दोन बिघाड लागतात. पहिला विचित्र अनुभव निर्माण करतो. दुसरा, बहुधा मेंदूच्या कपाळामागच्या उजव्या भागातला, त्या अनुभवातून सुचलेली वेडगळ कल्पना तपासून फेटाळण्याची क्षमता घालवतो. मात्र कल्पना तपासणारी ही यंत्रणा मेंदूत नेमकी कशी चालते, हे कोणी नीट दाखवलेलं नाही. सिद्धांताचा हाच भाग मला कच्चा वाटतो.

काप्ग्रा भ्रमातल्या माणसाला चेहरा बदललेला दिसत नाही, हे विसरता कामा नये. त्याची तक्रारच अशी असते की चेहरा तंतोतंत तोच आहे. चित्रपटात तो खरोखर बदलतो. शास्त्राच्या हिशेबाने ही चूक आहे, पण दिग्दर्शिकेपुढे दुसरा उपाय काय होता? न उमटलेली भावना कॅमेऱ्याला टिपता येत नाही. नटी बदलता येते.

आरशातला चेहरा बदलणं मात्र निव्वळ कल्पना नाही. इटलीतल्या जोव्हानी कापुतो यांनी 2010 मध्ये 50 निरोगी माणसांना मंद उजेडात 10 मिनिटं आरशात स्वतःकडे टक लावून बघायला सांगितलं. सुमारे दोन तृतीयांश लोकांना स्वतःचा चेहरा भयंकर विद्रूप झालेला दिसला, काहींना अनोळखी माणूस दिसला. नजर एका जागी खिळली की कडेच्या खुणा विरतात हे ट्रोक्सलर या स्विस डॉक्टरने 1804 सालीच नोंदवलं होतं. विरलेल्या जागा मेंदू आपल्या अंदाजाने भरतो. रात्री आरशात पाहू नये असं आपल्याकडे सांगतात, त्यामागे कधीतरी कुणाला दिसलेलं हेच असू शकेल. त्यासाठी भूत लागत नाही आणि ‘मागच्या जन्मीचा चेहरा’ दाखवतो म्हणून पैसे घेणारा तर मुळीच लागत नाही. एक झिरोचा दिवा पुरतो.