गृहभेट कार्यक्रमांतील कुटुंबसातत्य

बाळ पोटात असल्यापासून ते दोन-तीन वर्षांचे होईपर्यंत परिचारिका किंवा प्रशिक्षित कार्यकर्ती ठरावीक अंतराने घरी येऊन आईवडिलांना संगोपनात साथ देते. अशा ऐच्छिक कार्यक्रमात नाव नोंदवलेल्या कुटुंबाने अखेरपर्यंत टिकून राहणे म्हणजे कुटुंबसातत्य. न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या भेटी यात धरत नाहीत. येथे कुटुंब कोणत्याही दिवशी ‘आता नको’ म्हणू शकते आणि तो त्याचा हक्कच आहे.

गृहभेटींच्या उगमाबद्दल एकमत नाही. ब्रिटिश परंपरा १८६०च्या दशकात मँचेस्टर-सॅल्फर्ड भागात गरीब वस्त्यांतून फिरणाऱ्या आरोग्यसेविकांपासून सुरुवात धरते. अमेरिकन लेखक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील धर्मादाय संस्थांच्या ‘मैत्रीभेटी’ आणि लिलियन वाल्ड यांनी १८९३ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू केलेली परिचारिकांची सेवा पुढे करतात. मात्र मैत्रीभेटींवर बहुधा मदत मिळणे-न मिळणे अवलंबून असे, म्हणून त्यांना ऐच्छिक म्हणणे कठीण आहे. आजच्या कार्यक्रमांचा धागा बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केंप यांच्याशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. बालकांना होणाऱ्या मारहाणीवरील त्यांचा लेख १९६२ मध्ये आला आणि १९७०च्या दशकात त्यांनी घरोघरी आरोग्यभेटींची कल्पना मांडली. हवाईतील ‘हेल्दी स्टार्ट’ (सुमारे १९८५) आणि त्यावर बेतलेला ‘हेल्दी फॅमिलीज अमेरिका’ (१९९२) हे कार्यक्रम याच वळणाचे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ओल्ड्स यांचा परिचारिकांवर आधारलेला कार्यक्रम वेगळ्या वाटेने आला. त्याची पहिली चाचणी न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस ४०० मातांवर झाली. मेम्फिस व डेन्व्हर येथील चाचण्या त्यानंतरच्या.

गळती किती, हा प्रश्न सोपा दिसतो, पण नाही. १९९९ च्या एका अमेरिकन आढाव्यात मुदतीआधी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २० ते ६७ टक्के आढळले, आणि ठरलेल्या भेटींपैकी साधारण निम्म्याच प्रत्यक्षात झाल्या. एवढ्या तफावतीचे एक कारण मोजणीत आहे. नाव नोंदवून एकही भेट न घेतलेले कुटुंब गळतीत धरायचे का? गाव सोडून गेलेले? ‘हेल्दी फॅमिलीज’मध्ये संपर्क तुटलेल्या कुटुंबाचा किमान तीन महिने पाठपुरावा करतात. तोवर ते यादीतच राहते, म्हणून सातत्याची टक्केवारी प्रत्यक्षाहून बरी दिसू शकते. सातत्याचे महिने आणि झालेल्या भेटींची संख्या ही दोन मापे वेगळी ठेवणेच योग्य. वर्षभर यादीत असलेल्या आईच्या घरी सहाच भेटी झाल्या असतील, तर तिला मिळालेली साथ सहा भेटींचीच.

ओल्ड्स यांच्या मूळ वेळापत्रकात पहिला महिना दर आठवड्याला, मग बाळंतपणापर्यंत पंधरवड्याने, बाळंतपणानंतर सहा आठवडे पुन्हा दर आठवड्याला, २१ महिन्यांपर्यंत पंधरवड्याने आणि शेवटी महिन्याला एक अशा भेटी होत्या. चाचण्यांच्या मानाने प्रत्यक्ष सेवेत गळती जास्त निघाली. पाळीवर काम करणाऱ्या आईला मंगळवारी दुपारचे दार उघडायला जमत नाही. दोन भेटी हुकल्या की तिला फोन उचलायचाही संकोच वाटतो. पुढे भेटींचे अंतर व विषय कुटुंबाने ठरवावेत, अशी मुभा दिलेल्या ठिकाणी सातत्य सुधारल्याचे आढळले. परिचारिका नोकरी सोडून गेली की तिच्याकडची कुटुंबेही सुटतात, हेही वारंवार दिसले आहे. आपले सगळे नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगणे अनेकींना नको होते. डेन्व्हरमध्ये परिचारिकांपेक्षा निमव्यावसायिक कार्यकर्तींकडील (परिचारिकेचे शिक्षण नसलेल्या, मातांसारख्याच पार्श्वभूमीतून आलेल्या आणि कामापुरते प्रशिक्षण दिलेल्या) गळती जास्त होती. कार्यकर्ती त्याच वस्तीतली असली की पुरे, हे मत त्यामुळे जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. वेळापत्रकापेक्षा माणूस टिकवणे अधिक मोलाचे, असे एकूण पुराव्यावरून म्हणावेसे वाटते.

भारतात ‘आशा’ कार्यकर्ती नवजात बाळाच्या घरी जातात. रुग्णालयात बाळंतपण झाल्यास ४२ दिवसांत सहा भेटी ठरलेल्या आहेत. २०१८ पासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच. ही सेवा मुख्यतः आरोग्याची असली, तरी सातत्याचा प्रश्न तोच. महाराष्ट्रात पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी जाते. सासरच्या आशाताईच्या वहीत तिचे नाव असते, माहेरच्या ताईच्या वहीत अनेकदा नसते. आणि नेमके पहिले महिने, जेव्हा भेटीची सर्वाधिक गरज, तेव्हाच बाळ दोन वह्यांच्या मध्ये राहते.