एका कुंडीत शंभर तुळशी

परळला आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये तुळशीची कुंडी आहे. उन्हाळ्यात मंजिऱ्या वाळून तिथेच झडल्या आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला तशी कोथिंबीर पेरल्यासारखी दाट रोपं वर आली, मोजायला बसलो तर शंभरनंतर नाद सोडला. म्हटलं थोडी विरळणी करूया, तर आई म्हणाली, "तुळस कुणी उपटतं का रे?" विषय संपला.

मग नुसतं बघत बसलो. कोणीही हात लावला नाही, तरी गणपतीपर्यंत निम्मी गायब.

गंमत म्हणजे सावली पडायच्या आधीच रोपाला शेजाऱ्याचा पत्ता लागतो. हिरवं पान लाल प्रकाश खाऊन टाकतं पण त्याच्या पलीकडचा अतिलाल प्रकाश परतवतं, तो बाजूने अंगावर आला की रोपातलं फायटोक्रोम, म्हणजे प्रकाश ओळखणारं प्रथिन, ओळखतं की गर्दी आहे, आणि रोप जाड व्हायचं सोडून उंच पळायला लागतं. म्हणून ती सगळी किडकिडीत. जे दोन दिवस आधी उगवलं ते जरासं वर, आणि ऊन वरूनच येणार, त्यामुळे जरासा फरक वाढत वाढत जातो आणि खालचं उपाशी मरतं. लोकलच्या गर्दीचं उदाहरण द्यायचा मोह होतोय, पण रोपाला पुढच्या स्टेशनला उतरता येत नाही ना.

बाजारात त्या इवल्याशा जुड्या मिळतात ना, समुद्र मेथीच्या, ती वाळूत दाट पेरून बोटभर असतानाच उपटतात, म्हणजे ही मारामारी रंगात यायच्या आधीच.

जपानमध्ये १९५०च्या दशकात तात्सुओ किरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एका मर्यादेनंतर बी दुप्पट टाकलं तरी एकूण पीक तेवढंच भरतं, फक्त एकेक रोप बारीक होतं. मग १९६३ साली क्योजी योदा वगैरे मंडळींनी मरणाचाही हिशोब मांडला. समजा एक-एक ग्रॅमची १०० रोपं आहेत, त्यांची गर्दीने मरून २५ राहिली तर तोपर्यंत प्रत्येक साधारण ८ ग्रॅमचं झालेलं असतं. म्हणजे रोपं पाव झाली आणि एकूण वजन १०० वरून २०० ग्रॅम! कारण सोपं आहे, रोप जागा अडवतं ती लांबी-रुंदीत पण वजन वाढतं लांबी-रुंदी-उंचीत, म्हणून घातांक ३/२: रोपं पाव म्हणजे प्रत्येकाला जागा चौपट, आणि वजन ४ च्या ३/२ घाताएवढं, म्हणजे आठपट. १९९८ मध्ये काहींनी हा घातांक ३/२ नाही, ४/३ आहे म्हणून वाद घातला, पण गर्दी कमी होत जाते आणि उरलेले जाड होत जातात यावर भांडण नाही.

मुंबईत पालिकेने मियावाकी पद्धतीची, म्हणजे थोड्या जागेत खूप रोपं खेटून लावलेली, दाट जंगलं लावलीत, तिथेही हेच होणार, त्यामुळे लावलेल्या रोपांचा आकडा वाचून मी तरी हुरळत नाही, आणि काही वाळली म्हणून लगेच ओरडतही नाही.

तुळशीच्या लग्नाला कुंडीत सात उरल्या होत्या. दोन हातभर, बाकी काड्या. आईने त्यातल्या मोठीला हळद-कुंकू लावलं, आणि तिच्या बुडाशी दोन पानांवर तग धरलेली एक काडी होती, तिलाही लावलं.