आधी मुलाचं ऐकायचं: संगीतोपचाराची सुरुवात

संगीतोपचार म्हटलं की बहुतेकांना आठवतं ते मन शांत करणारं संथ संगीत. दिव्यांग मुलांसाठी ही पद्धत ज्यांनी घडवली, ते मात्र मुलाला काही ऐकवण्याआधी मुलाचंच ऐकत बसले. मला त्यांच्या कामातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

संगीताचा वापर त्याआधीही होत असे. फ्रान्समध्ये जंगलात सापडलेल्या, बोलता न येणाऱ्या व्हिक्टरला शिकवताना डॉ. झाँ इतार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे डोळे बांधून ढोल आणि घंटा यांचे आवाज ओळखायला लावले होते. पण तो कानाचा सराव होता. काय वाजवायचं ते शिक्षक ठरवायचा.

वेगळं काही घडलं ते इंग्लंडमधल्या सनफील्ड या निवासी संस्थेत. पॉल नॉर्डॉफ हे अमेरिकेतल्या बार्ड कॉलेजात शिक्षक राहिलेले संगीतकार, तर क्लाइव्ह रॉबिन्स सनफील्डमधले शिक्षक. 1959 मध्ये दोघांनी एकत्र काम सुरू केलं. नॉर्डॉफ पियानोवर बसत, रॉबिन्स मुलाजवळ थांबत. मुलापुढे ढोल आणि झांज. आधी बसवलेलं असं काही नसे. मूल ज्या वेगाने ढोल बडवील तो वेग पियानो उचलायचा, मूल थांबलं की तोही थांबायचा. एक मुलगा सत्रात नुसता किंचाळत रडायचा. नॉर्डॉफ यांनी त्याला गप्प केलं नाही. रडण्याचा सूर त्यांनी पियानोवर धरला, आणि मुलाच्या आवाजात पियानोशी जुळणारे स्वर येऊ लागले. ही सत्रं टेपवर ध्वनिमुद्रित केलेली असत. मुलाने नेमका कुठे प्रतिसाद दिला, हे दोघं पुन्हापुन्हा ऐकून शोधत. म्हणूनच ती पद्धत इतरांना शिकवता आली.

त्याच सुमारास, 1958 मध्ये, चेलोवादक ज्युलिएट अल्व्हिन यांनी ब्रिटनमध्ये संगीतोपचाराची संघटना उभी केली.

यामागचं मेंदूविज्ञान नंतर उलगडत गेलं. ठेका ऐकताना माणूस स्थिर बसलेला असला, तरी हालचालींचं नियंत्रण करणारे मेंदूचे भाग जागे होतात. मेंदू पुढच्या ठोक्याची आधीच वाट पाहू लागतो. शिवाय आळीपाळीने वाजवणं हा संवादच आहे, त्याला शब्द लागत नाहीत.

तरी पालकांना 'संगीताने स्वमग्नता (ऑटिझम) बरी होते' असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. 2017 मध्ये 9 देशांतल्या 364 स्वमग्न मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अशा उत्स्फूर्त, म्हणजे आधी न बसवलेल्या, संगीतोपचाराने सामाजिक लक्षणांच्या गुणांकात नेहमीच्या उपचारांपेक्षा लक्षणीय फरक पडला नव्हता. 2022 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) मात्र 26 अभ्यास एकत्र तपासल्यावर मुलांच्या एकूण सुधारणेत आणि जीवनमानात बहुधा फायदा होतो, असं दिसलं.