रॅगिंगची तक्रार प्राचार्यांच्या टेबलावरून पोलीस ठाण्यापर्यंत कशी पोचली

महाराष्ट्रात रॅगिंग हा स्वतंत्र गुन्हा ठरला तो १५ मे १९९९ पासून. तमिळनाडूने १९९७ मध्येच कायदा केला होता. आदल्या वर्षी तिथे वैद्यकीय शाखेच्या एका विद्यार्थ्याचा रॅगिंगमधून खून झाला होता. तोवर डोकं फुटलं तर दंडविधानाखाली गुन्हा, नाहीतर सगळी 'गंमत'. शर्टच्या तिसऱ्या बटणावर नजर ठेवून तासभर उभं राहणं, रात्री दोनला 'इंट्रो' म्हणजे सीनियरांपुढे ओळखपरेड, सीनियरचं जर्नल लिहून देणं यांपैकी काहीच कशात बसत नव्हतं.

महाराष्ट्राच्या कायद्याने व्याख्या मुद्दाम सैल ठेवली. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा, भीती, लाज वाटेल असं वर्तन, आणि एरवी तो राजीखुशीने करणार नाही असं काही करायला लावणं, हे सगळं त्यात आलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरल्यास संस्थेतून काढून टाकणं आणि पुढची पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. पण कायद्याचा खरा दात वेगळ्या कलमात आहे. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची, सकृतदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्यात पाठवायची. चालढकल केली, तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असं मानून त्यालाही तीच शिक्षा. तक्रार विद्यार्थ्यानेच करावी असंही नाही. पालक किंवा शिक्षक करू शकतात.

तरी गळती राहिलीच. 'मुलांचं करिअर आहे, आपसांत मिटवू' हे वाक्य कायद्यापेक्षा जुनं आणि चिवट. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, मग २००६ मध्ये सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांची समिती नेमली. तिच्या अहवालानंतर मे २००७ मध्ये आदेश आला: संस्थेच्या कारवाईने पीडित किंवा पालकांचं समाधान झालं नाही, तर संस्थेनेच एफआयआर नोंदवायचा. मार्च २००९ मध्ये हिमाचलमधल्या टांडा वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मारहाणीनंतर दगावला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले.

या विनियमांनी सैल शब्द घट्ट केले. ज्युनियरकडून शैक्षणिक कामं करून घेणं, त्याच्यावर खर्च लादणं हेही रॅगिंग. बोललेल्या शब्दांइतकेच लिहिलेले शब्दही मोजले जातात, म्हणून आजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची दमदाटीही सुटत नाही. माहिती मिळाल्यापासून २४ तासांत एफआयआर, आणि पोलीस तपासाची वाट न बघता सात दिवसांत संस्थेची स्वतःची कारवाई. पहिल्या तीन महिन्यांत दर पंधरवड्याला नव्या मुलांचं निनावी सर्वेक्षण, सहा नवागतांमागे एक मेंटर, संस्थेच्या रॅगिंगविरोधी पथकाच्या अचानक धाडी. करणारे ओळखू आले नाहीत तर सामूहिक शिक्षेचीही तरतूद आहे. २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, भाषा, प्रदेश, रूप, लैंगिक कल यांवरून होणारा छळ नावानिशी जोडला.

यातलं सर्वांत पोकळ झालेलं कलम 'रॅगिंग करणार नाही' या हमीपत्राचं. विद्यार्थी आणि पालक दोघांनी दरवर्षी ते भरायचं असतं. भरतो बहुतेक वेळा सायबर कॅफेवाला, बाकीच्या अर्जांसोबत. पंधरवड्याचं सर्वेक्षणही रेक्टरने स्वतः फिरून कागद गोळा केले की निनावी राहत नाही. पेटी हवी, आणि ती रेक्टरच्या खोलीबाहेर नको.

तक्रार फसते ती बहुधा मोघमपणामुळे. 'सीनियर त्रास देतात' यावर चौकशी पुढे सरकत नाही. तारीख, वेळ, मजला आणि खोली क्रमांक, कोण काय म्हणालं ते शब्दशः, तिथे आणखी कोण होतं, एवढं लिहावं. नाव माहीत नसेल तर वर्ष, शाखा, वर्णन. चॅटच्या स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि वेळ दोन्ही दिसायला हवेत. मूळ चॅट पुसू नये. जखम असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात दाखवून कागद घ्यावा. अर्ज दोन प्रतींत, एकीवर शिक्का, तारीख, सहीनिशी पोच. सात दिवस त्या तारखेपासून मोजता येतात. कार्यालय पोच देईना तर रजिस्टर्ड पोस्टाने किंवा ईमेलने पाठवावा. आयोगाची १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते. तिथला तक्रार क्रमांक जपून ठेवावा, पाठपुरावा त्यावरच होतो. आणि जिवाला धोका असेल तेव्हा हा क्रम सोडून थेट ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन.