पॉवर ऑटोमेटमधील रेजेक्सविना मजकूर जुळवणी

पॉवर ऑटोमेट ही मायक्रोसॉफ्टची कार्यप्रवाह प्रणाली २०१६ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट फ्लो’ या नावाने आली; सध्याचे नाव तिला २०१९ मध्ये मिळाले. ईमेल, फॉर्म, एक्सेल यांतली माहिती इकडून तिकडे नेण्यात ती तरबेज आहे, पण तिच्या सूत्रांमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराचा साचा चिन्हांत लिहून तो शोधण्याची पद्धत (थोडक्यात रेजेक्स), नाही. ठरावीक शब्द शोधता येतो; शब्दाचा साचा शोधता येत नाही.

ईमेलच्या विषयातून पॅन क्रमांक काढायचा आहे असे समजा. पाच इंग्रजी अक्षरे, चार अंक, शेवटी एक अक्षर, असा त्याचा साचा. रेजेक्समध्ये हे एका ओळीचे काम. इथे आधी स्वल्पविराम, अपूर्णविराम (:), पूर्णविराम ‘रिप्लेस’ने काढून त्यांच्या जागी मोकळी जागा घालावी, ‘टूअपर’ने सगळे मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) आणावे आणि ‘स्प्लिट’ने शब्द सुटे करावेत. मग ‘फिल्टर अ‍ॅरे’ने फक्त दहा अक्षरी शब्द ठेवावेत. पुढच्या, स्वतंत्र पायरीत ‘सबस्ट्रिंग’ने सहाव्यापासून चार अक्षरे उचलून ती ‘इझइंट’कडून, म्हणजे पूर्णांक ओळखणाऱ्या सूत्राकडून, तपासून घ्यावीत. क्रम उलटा करू नये: शब्द आखूड असला की ‘सबस्ट्रिंग’ त्रुटी देते आणि फ्लो (कार्यप्रवाह) तिथेच थांबतो. अक्षरे तपासण्याची युक्ती फार सुंदर आहे. एकेक अक्षर मोठ्या आणि लहान लिपीत लिहून पाहावे. दोन्ही रूपे वेगळी आली तर ते अक्षर, सारखी राहिली तर अंक किंवा चिन्ह.

आणखी एक खाचखळगा म्हणजे शब्दाची जागा सांगणारे ‘इंडेक्सऑफ’ लहान-मोठ्या लिपीत भेद करत नाही, शब्द आहे का ते सांगणारे ‘कंटेन्स’ आणि ‘रिप्लेस’ मात्र करतात. तासन्‌तास खाणारी चूक बहुधा इथेच दडलेली असते.

साचा फारच गुंतागुंतीचा असेल तर एक्सेलच्या ऑफिस स्क्रिप्टकडे, म्हणजे एक्सेलमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, मजकूर पाठवावा. ती टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहितात, त्यामुळे पूर्ण रेजेक्स हाताशी येतो. अझूर फंक्शन, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर चालणारा छोटा प्रोग्राम, हा दुसरा मार्ग, पण त्यासाठी वेगळी सेवा सांभाळावी लागते. भावंड असलेल्या पॉवर अ‍ॅप्समध्ये (मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅप बनवण्याच्या साधनात) साचा जुळवणारी ‘इझमॅच’ आणि ‘मॅच’ ही सूत्रे असताना फ्लोमध्ये ती नसावीत, ही उणीव खरोखर खटकते. तरीही साध्या साच्यांसाठी पायऱ्यांचीच पद्धत बरी, कारण प्रत्येक टप्प्यावर काय उरले ते रन हिस्टरीत, म्हणजे फ्लो चालल्याच्या नोंदीत, दिसते.

मराठी मजकुराला वरची अक्षर-युक्ती लागू पडत नाही, कारण देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही. लांबी मोजणाऱ्या ‘लेंग्थ’वरही विसंबू नये: ‘क्ष’ ती तीन मोजते, क, हलन्त आणि ष. देवनागरी नावे लांबीवरून गाळण्याऐवजी त्यांच्या मागेपुढे ठरलेले चिन्ह ठेवून ‘स्प्लिट’ करणे जास्त खात्रीचे ठरते.