हे यंत्र सोनं ओळखत नाही

मेटल डिटेक्टर घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: सोनं सापडेल का? सापडेलही, पण ते सोनं आहे हे यंत्राला कळणार नाही. खाली वीज वाहू देणारं काहीतरी आहे, एवढंच त्याला कळतं.

दांड्याच्या टोकाला असलेल्या चपट्या कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एकातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो आणि मातीत सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तिथे नाणं असेल तर त्यात छोटे, गोल फिरणारे प्रवाह उठतात. त्यांचं क्षीण क्षेत्र दुसरं वेटोळं टिपतं. मूळ लहरीपेक्षा हा प्रतिसाद किती मागे पडला, यावरून पडद्यावर आकडा उमटतो. चांदीचं जाड नाणं बरंच मागे पडतं, पातळ पत्रा कमी.

गोची अशी, की हे मागे पडणं धातूइतकंच जाडी आणि आकारावरही ठरतं. त्यामुळे सोन्याची नाजूक अंगठी आणि कोल्ड्रिंकच्या कॅनची ओढायची कडी यांचा आकडा बरेचदा सारखाच येतो. कचरा नको म्हणून तो आकडा गाळलात, तर अंगठीही गाळली गेली. सुरुवातीला सगळंच खणा असं जाणकार सांगतात, ते यासाठीच.

खोलीचा हिशोबही निष्ठुर आहे. क्षेत्र जाताना विरतं आणि परतताना पुन्हा विरतं. छोट्या वस्तूची खोली दुप्पट झाली तर संकेत साधारण ६४ पट दुबळा होतो. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीवर लागली तरी खूप झालं. दूरवरचं गुप्तधन दाखवणाऱ्या अँटेना विकल्या जातात, त्यांच्यावर पैसे घालवू नका.

आधी परसात सराव करा. एक गंजका खिळा, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा तुकडा आणि एक नाणं चार बोटं खोल पुरा. नाणं पिवळं पाच रुपयांचं घ्या. हल्लीचं रुपयाचं नाणं चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचं असतं, यंत्र त्याला लोखंडात काढू शकतं. आता कॉइल जमिनीला समांतर ठेवून सावकाश फिरवा. नवखे झाडू मारल्यासारखे दोन्ही टोकांना ती उचलतात आणि खोली गमावतात. नाण्याचा आवाज दोन्ही बाजूंनी स्वच्छ येतो. खिळ्याचा तुटक येतो, आणि तुम्ही काटकोनात वळून पाहिलंत की बहुधा बदलतो. हा फरक कानात बसला की पडद्याकडे बघायची गरज कमी होते. म्हणून हेडफोन हवाच.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या खडकात, मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे आपली जमीन स्वतःच कुरकुरते. कॉइल वर-खाली करत तो आवाज शमवायचा, याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट (लोह आणि टायटॅनियमचं खनिज) आणि जोडीला खारं पाणी, तिथे साधं यंत्र बिथरतं. किनाऱ्यासाठी पल्स इंडक्शन, म्हणजे सलग लहरीऐवजी प्रवाहाचे छोटे झटके सोडणारा प्रकार बरा.

हा छंद खरा रुजला तो इंग्लंडमध्ये. १९९२ साली सफोकमधल्या हॉक्सन गावी एरिक लॉज हे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. लागली रोमन काळातली नाणी. मोठेपण असं, की सगळं उपसत न बसता त्यांनी थांबून कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी जागेवर उत्खनन केलं, म्हणून १४,८६५ नाणी आणि दागिने पेटीत कसे रचले होते हेही समजलं. हातोडाही सापडला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडे १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर कलेक्टरना लेखी कळवावं लागतं. (दहा रुपयांत आज धड वडापाव येत नाही, पण आकडा तोच.) संरक्षित किल्ल्यांवर आणि लेण्यांत परवानगीशिवाय खणणं हा गुन्हाच. तेव्हा इथे हे यंत्र चालवायचं ते स्वतःच्या किंवा मालकाने हो म्हटलेल्या शेतात. लावणीत पडलेली मंगळसूत्राची वाटी, मातीखाली गेलेला पाइपलाइनचा व्हॉल्व्ह, नांगराचा तुटका फाळ, अशी कामं गावात भरपूर निघतात.